माडावरून पडलेलं खारीचं पिल्लू: वाढवायचं कसं आणि परत सोडायचं कसं

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, दर तीन महिन्यांनी नारळ पाडायला पाडेली येतो. शेंड्याला पोचला की तो आधी सुकलेल्या झावळ्या तोडून खाली टाकतो. सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशीच एक झावळी खाली आली आणि तिच्या देठात अडकलेला काथ्याचा गोळा पाटाच्या कडेला आपटून फुटला. आत खारीची तीन पिल्लं होती. दोन जागीच गेली होती. तिसरं माझ्या करंगळीएवढं, गुलाबी, डोळे मिटलेलं. पाडेल्याने खाली उतरून ते तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "बाय, हें जितें आसा मगो!" म्हणजे हे जिवंत आहे.

मी ते घरात आणलं, गाईचं दूध कोमट केलं आणि कापसाच्या बोळ्याने पाजलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट टम्म फुगलं आणि दिवेलागणीला ते गेलं. त्या पिल्लाला भुकेने नाही, माझ्या दुधाने मारलं. त्यानंतर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून आणि अशी पिल्लं वाढवणाऱ्या माणसांकडून मी हे काम नीट शिकून घेतलं. आजवर चार पिल्लं वाढवून झाडावर सोडली, एक सोडल्यावर गमावलं. त्याचंही पुढे सांगते.

पाळायची का? नाही.

ओळखीतले लोक विचारतात, "खार पाळायची आहे, पिल्लू मिळेल का?" १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातली खार पकडून, विकून किंवा विकत घेऊन पाळता येत नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून या कायद्याची परिशिष्टं नव्याने मांडली आहेत आणि परदेशी प्राण्यांची नोंदही त्यात आली आहे. 'उडती खार' म्हणून जो शुगर ग्लायडर विकायला ठेवतात, तो तर खारच नव्हे. कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला तो ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा प्राणी आहे, आणि त्याचं खाणंपिणं अगदी वेगळं असतं.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर बदलत नाही. दोन महिन्यांची खार तुमच्या खिशात झोपते, बाहीतून वर चढते, आणि जीव लावते. चार महिन्यांची झाली की तीच खार पडदे फाडते, चार्जरच्या वायरी कुरतडते आणि हात पुढे केला की कडकडून चावते. ती बिघडलेली नसते, मोठी झालेली असते. तिला दिवसभर झाडावर पळायचं असतं, तेवढं कुठलंच घर तिला देऊ शकत नाही.

तेव्हा हा लेख पडलेल्या पिल्लासाठी आहे. आईने नेलं नाही तर त्याला जगवायचं आणि झाडावर परत पाठवायचं. आपलं घर ही त्याची तीन-साडेतीन महिन्यांची वाटेवरची धर्मशाळा.

पिल्लू मिळालं की पहिल्याच दिवशी जवळच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करून कळवा. ते घेऊन गेले तर उत्तमच. तुम्ही सांभाळा म्हणाले तर कुणाशी बोललात ते आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

सत्तरी, सांगे, काणकोण या भागात कधी शेकरूचं पिल्लू सापडतं. तांबूस-काळं अंग, फिकट पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट, म्हणजे ते शेकरू. त्याचा प्रयोग घरी अजिबात करू नका, सरळ वनखात्याच्या ताब्यात द्या. शेकरू उंच झाडांच्या शेंड्यांवरच जगतं, खाली क्वचितच उतरतं. परसात वाढवून त्याला सोडता येत नाही. पुढचं सगळं पाठीवर पट्टे असलेल्या आपल्या नेहमीच्या खारीबद्दल, म्हणजे चानीबद्दल आहे.

आधी आई

पिल्लू धडधाकट असेल, म्हणजे जखम नाही, रक्त नाही, मांजराने धरलेलं नाही, तर सगळ्यात चांगली दाई त्याची आईच. खारीची आई पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते, आणि बहुतेक वेळा तिचं एक जादा घरटं असतंच. माणसाचा वास लागला की आई टाकते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते खरं नाही.

बुटाचा छोटा खोका घ्या. तळाशी जुना सुती कपडा आणि पडलेल्या घरट्यातलाच काथ्या घाला. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, कारण गार पडलेलं पिल्लू आई बहुधा उचलत नाही. खोका त्याच झाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर बांधा. झाकण लावू नका. वर ऊन येत असेल तर पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या देठाचं रुंद आवरण, आडवी खोचा. आता तुम्ही लांब, घरात, खिडकीशी बसा. मांजर आणि कावळे येणार नाहीत एवढं पाहायचं. दर तासाला बाटली बदला.

खार दिवसाउजेडीच फिरते, त्यामुळे दुपारी पडलेल्या पिल्लासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं. अंधार पडला की पिल्लू आत घ्या, रात्री ऊब द्या, आणि सकाळी उजाडताच पुन्हा बांधा. एकदा आमच्याकडे आई खोक्याभोवती तब्बल दोन तास चिर्र-चिर्र करत होती, उतरतच नव्हती. मग कळलं की आमचा कुत्रा ओसरीवर झोपला होता. त्याला मागच्या दारी बांधला आणि दहा मिनिटांत ती पिल्लू घेऊन गेली.

दुसऱ्या सकाळीही आई आली नाही, तर पिल्लू तुमचं.

मांजराच्या तोंडातून सुटलेल्या पिल्लासाठी मात्र ही वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, जखम टाचणीच्या टोकाएवढी असली तरी. मांजराच्या लाळेतले जंतू अशा जिवाला एक-दोन दिवसांत संपवतात, आणि प्रतिजैविक देऊनच ते वाचतं.

हात लावताना

हातमोजे घाला, नसतील तर पिल्लू फडक्याने उचला. त्याच्या अंगावर गोचीड आहे का पाहा. आपल्याकडे ही नुसती स्वच्छतेची बाब नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो रोग गोचिडीच्या चाव्यातून येतो. खारींसारखे लहान प्राणीही त्या गोचिडींना थारा देतात. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्यात टाका. काजूच्या बागेत किंवा रानाच्या कडेला मिळालेल्या पिल्लाबाबत हे विसरू नका.

केसांत तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती माशीची अंडी आहेत. जुन्या मऊ टूथब्रशने एकेक काढा, कान, नाक आणि शेपटीखालीसुद्धा. कुत्र्याची पिसवांची पावडर टाकू नका, इतक्या लहान जिवाला ती विषच.

मोठी खार चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खारीकडून रेबीज होणं फारच दुर्मिळ, पण निर्णय डॉक्टरांचा.

ऊब, मग पाणी, मग दूध

हा क्रम कुठल्याही कारणाने मोडायचा नाही. गार पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, ते कुजतं. माझ्या पहिल्या पिल्लाच्या बाबतीत दोन चुका झाल्या. दूध गाईचं होतं, आणि पिल्लू अजून गारच होतं.

ऊब देण्यासाठी खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली शेकायची इलेक्ट्रिक पिशवी सगळ्यात कमी आचेवर ठेवा, वर जाड टॉवेल. अर्धा भाग मुद्दाम गार ठेवायचा, म्हणजे पिल्लाला नको झालं तर ते सरकतं. पिशवी नसेल तर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून ठेवा. आमच्याकडे वीज जाते, त्यामुळे बाटलीची तयारी नेहमी असतेच. बल्ब डोक्यावर टांगू नका, त्याने कातडी सुकते. पिल्लाचं पोट तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. गार लागलं नाही म्हणजे झालं.

अंग उबदार झालं की ओआरएस. औषधाच्या दुकानातली साधी पुडी, पाकिटावर सांगितलेल्याच प्रमाणात कालवलेली, कोमट. पहिले दोन वेळा फक्त हेच. पाठीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी आटलंय असं समजा आणि ओआरएस आणखी एक-दोनदा द्या.

मग दूध. गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं, बाळाच्या डब्यातलं, यांपैकी कुठलंच नाही. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर आणा. मडगाव, पणजी, म्हापसा, फोंडा, सगळीकडे प्राण्यांच्या दुकानात ती असते. पहिल्या दिवशी पाकिटावरच्या मापापेक्षा दुप्पट पातळ करा, दुसऱ्या दिवशी थोडं घट्ट, तिसऱ्या दिवशी पुऱ्या मापाचं. एका वेळी लागेल तेवढंच कालवा. गोव्याच्या उकाड्यात कालवलेलं दूध तासाभरात नासायला लागतं.

पाजायचं कसं

सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्या. ड्रॉपर नको, त्याच्यातून धार एकदम सुटते. पिल्लू फडक्यात गुंडाळा, फक्त तोंड बाहेर. ते पोटावर पालथं, डोकं किंचित वर असं धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच धरायचं नाही. सिरिंजचं टोक ओठांच्या कडेला टेकवा आणि एक थेंब दाबा. ते चाटेल. मग दुसरा थेंब. चार-पाच पाजण्यांनंतर पिल्लू दोन्ही पंजांनी सिरिंज घट्ट धरतं आणि कान मागे पाडून ओढायला लागतं. तेव्हा तुम्हीच सिरिंजचा दांडा आवरून धरा, नाहीतर घाईत ठसका लागतो.

नाकातून दूध बाहेर आलं तर लगेच थांबा. डोकं खाली करा, नाक फडक्याने टिपा, आणि श्वास पूर्ण शांत झाल्यावरच पुढचा थेंब. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. पिल्लू कानाशी धरा. श्वासात टिकटिक किंवा घरघर ऐकू आली तर डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

किती पाजायचं हे डोळ्यांनी ठरवू नका, वजनावर ठरवा. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एका वेळचं दूध म्हणजे वजनाच्या साधारण पाच टक्के. वीस ग्रॅमच्या पिल्लाला एक मिलिलिटर, चाळीसच्या पिल्लाला दोन. नुकतं जन्मलेलं पिल्लू दहा ग्रॅमही भरत नाही, त्याला अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी. रोज सकाळी पहिल्या पाजण्याआधी वजन करून वहीत लिहा. रोज थोडं वाढायला हवं. दोन दिवस काटा हलला नाही, तर काहीतरी बिनसलंय.

किती वेळाने, हे वयावर अवलंबून. केस नसलेल्या गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, रात्रीही एक-दोनदा. पाठीवर पट्टे उमटले, लव आली, पण डोळे मिटलेले, तर दर तीन तासांनी. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोळे उघडतात, मग दर चार तासांनी, आणि रात्री तुम्हीही झोपा.

प्रत्येक पाजण्यानंतर कापूस कोमट पाण्यात पिळून शेपटीखालची जागा हळूच पुसत राहायची. आई हे जिभेने करते. डोळे उघडेपर्यंत पिल्लाला आपणहून लघवी-शी होत नाही, आणि हे चुकलं तर पोट फुगून ते मरतं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. शी पातळ झाली तर दूध पुन्हा पातळ करा, मध्ये एक वेळ ओआरएसची.

दात आले की

डोळे उघडून आठवडा झाला की पिल्लू समोर दिसेल ते चावायला लागतं. दूध चालूच ठेवा, पण आता भाज्या आणि पाला दाखवायला हरकत नाही. इथे लोक दुसरी मोठी चूक करतात. ते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया देतात. पिल्लाला त्या फार आवडतात, दुसरं काही खातच नाही. त्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. महिनाभरात हाडं पोकळ होतात. आधी पिल्लू सुस्तावतं, मग मागचे पाय ओढतं, मग नुसतं उडी मारताना हाड मोडतं. अशी एक खार मी पाहिली आहे. बिस्किटं आणि दाणे खाऊन गुबगुबीत झालेली, आणि मागचे दोन्ही पाय निकामी.

आमच्याकडे उपाय समुद्रावरच पडलेला असतो. माणकीचं (कटलफिशचं) ते पांढरं, होडीच्या आकाराचं हलकं कवच, समुद्रफेन, किनाऱ्यावर फुकट मिळतं. गोळा करून आणा आणि दोन-तीन दिवस साध्या पाण्यात भिजत घाला. पाणी रोज बदला, म्हणजे मीठ निघून जाईल. मग कडक उन्हात वाळवा आणि पिंजऱ्यात बांधून ठेवा. खार ते कुरतडते आणि कॅल्शियम पोटात जातं. पण ते अंगी लागायला ऊन लागतं. सकाळचं कोवळं ऊन रोज अर्धा तास तरी, थेट अंगावर, आणि शेजारी सावलीचा कोपरा. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही.

खाण्यात पाला आणि भाज्या जास्त, फळं थोडी, बिया अगदी शेवटी. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं आणि कळ्या, पेरूची कोवळी पानं, काकडी, दुधी. उंबर, वड, जांभूळ हे जे बाहेर गेल्यावर तिला खायचं आहे, ते आत्ताच ओळखीचं करा. फळ कापून देऊ नका, फांदीसकट पिंजऱ्यात खोचा, म्हणजे ते तोडायला शिकेल. शहाळ्याची मलई कधीतरी नखाएवढी. खार किडेही खाते, तेव्हा एखादा नाकतोडा तिने पकडला तर घाबरू नका. चॉकलेट, कांदा, फरसाण, चहात बुडवलेलं काही, हे मुळीच नको. सालीसकटची कच्ची काजूबी तर नकोच. तिच्या टरफलातलं तेल आपल्या हातालाही भाजतं, तिच्या तोंडाचं काय होईल.

खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आंब्याची, पेरूची जिवंत फांदी आणि नारळाची करवंटी पिंजऱ्यात असू द्या.

पिंजरा

डोळे उघडेपर्यंत खोका पुरतो. पुढे निदान तीन फूट उंचीचा पिंजरा हवा, कारण खार आडवी कमी आणि उभी जास्त पळते. जाळी अर्ध्या इंचाची, लोखंडी. मोठ्या भोकांतून पिल्लू बाहेर येतं आणि धामण आत जाते. वरच्या कोपऱ्यात सोडण (बाहेरचं काथ्याचं आवरण) काढून पोकळ केलेला नारळ किंवा लाकडी पेटी बांधा आणि आत काथ्या भरा. काथ्याचे लांब धागे मात्र कापून घ्या, बोटांना गुंडाळले तर रक्त अडतं.

पावसात मुंग्यांचा त्रास फार. दुधाचा एक थेंब सांडला तरी रांग लागते, आणि झोपलेल्या पिल्लाला मुंग्या पोखरतात. पिंजऱ्याचे चारही पाय करवंट्यांत उभे करा आणि करवंट्या पाण्याने भरा. जून ते सप्टेंबर अंथरूण रोज बदलायचं. ओल्या कापडावर बुरशी येते आणि पिल्लाचे केस चकत्या-चकत्यांनी झडतात.

लळा

इथे माझी दुसरी चूक सांगते. माझं दुसरं पिल्लू, म्हणजे पहिलं जगलेलं, सगळ्यांचं लाडकं झालं. पाहुणे आले की हातावरून हातावर जायचं. आमचं मांजर शेजारी बसायचं, पिल्लू त्याच्या शेपटीशी खेळायचं, आणि आम्ही फोटो काढायचो. तीन महिन्यांनी त्याला सोडलं. पाचव्या दिवशी ते शेजारच्या अंगणात उतरलं, तिथल्या मांजराकडे आपणहून चालत गेलं. शेजारच्या माईंनी शेपूट आणून दाखवली.

डोळे उघडल्यावर पिल्लू एकाच माणसाने हाताळायचं, आणि तेही पाजण्यापुरतं. त्याला नाव ठेवू नका. मुलांना लांबून पाहू द्या. कुत्रं-मांजर खोलीत येता कामा नये. दूध सुटलं की हात लावणं बंद, खाणं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. तुम्हाला पाहून ते पेटीत लपायला लागलं की काम नीट चाललंय. मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं होतं, तुम्हालाही वाटेल. दोन पिल्लं एकत्र वाढली तर हे आपोआप सोपं होतं, ती एकमेकांत रमतात.

सोडताना

साधारण दहा आठवड्यांनी दूध पूर्ण सुटतं. त्यानंतर आणखी दोन-तीन आठवडे थांबायचं. ती कडक फळ किंवा बी स्वतः फोडते का, कावळा ओरडला की गोठते किंवा पेटीत पळते का, रात्री पेटीतच झोपते का, आणि माणसाला टाळते का, हे सगळं जमत असेल तरच पुढे.

पिंजरा उचलून झाडाखाली न्या, सावलीत, वर पत्रा किंवा झावळ्यांचं छप्पर. तिथे दोन आठवडे राहू दे. आसपासच्या खारी येऊन जाळीपाशी ओरडतील, शेपट्या झाडतील. ते होऊ द्या, तिला ती भाषा शिकायची असते. तिची झोपायची पेटी आता पिंजऱ्यातून काढून दहा-बारा फुटांवर झाडाला बांधायची नाही. आधी तशीच दुसरी पेटी वर बांधा, आणि तिच्या जुन्या पेटीतला मूठभर काथ्या तीत घाला.

दिवस कोरडा निवडा. जून-जुलैच्या झडीत सोडू नका, उघडीप मिळेपर्यंत पिंजऱ्यातच ठेवा. सकाळी आठच्या सुमारास दार उघडायचं आणि लांब जायचं. हाकलायचं नाही. माझी एक खार तिसऱ्या दिवशी बाहेर पडली. पहिले काही दिवस ती संध्याकाळी पिंजऱ्यात परत येईल, म्हणून दार उघडंच राहू दे आणि खाणं पिंजऱ्याच्या वर, उंचावर ठेवा. दोन-तीन आठवडे रोज, मग एक दिवसाआड, मग बंद. वरची पेटी मात्र काढू नका. ती नाही राहिली तर दुसरी कुणी राहील.

आणि नारळ पाडायचे असतील तेव्हा पाडेल्याला चढण्याआधी सांगा की झावळी तोडण्यापूर्वी देठात काथ्याचा गोळा आहे का ते हाताने चाचपून पाहा. असला तर तो माड त्या खेपेला तसाच सोडायचा. पुढच्या पाडपापर्यंत, तीन महिन्यांत, पिल्लं उतरून गेलेली असतात.